‘बॅजर’ धक्क्याला लागताना: नवख्यांसाठी मार्गदर्शन

मोठे जहाज धक्क्याला कसे लावतात हे काठावरून नीट पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच जहाजातून प्रवासही करायचा, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी अमेरिकेतील मिशिगन सरोवरावरची ‘एस. एस. बॅजर’ ही फेरीबोट निवडावी, असे मी कोणालाही विश्वासाने सांगेन. मिशिगन राज्यातील लडिंग्टन आणि विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक या दोन बंदरांमधले सुमारे ६० मैलांचे पाणी ती चार तासांत ओलांडते. तिची लांबी ४१० फूट आहे, ती अजूनही कोळशाच्या वाफेवर चालते आणि धक्क्याला लागताना ती स्वतःच्या नांगराभोवती वळून पाठीमागून आत शिरते. हे शेवटचे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि काय पाहायचे हे आधी ठाऊक नसेल तर नेमके तेच नजरेतून निसटते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे सारे लक्ष छायाचित्रे काढण्यात होते. साखळीचा मोठा खडखडाट कानावर आला, पण तो कशाचा हे जहाज बांधून झाल्यावर शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले तेव्हा कळले. हा लेख त्या अनुभवानंतर, नव्याने जाणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

बॅजर विस्कॉन्सिनमधील स्टर्जन बे येथे बांधली गेली, सप्टेंबर १९५२ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि मार्च १९५३ पासून ती सेवेत आली. ती मुळात प्रवाशांसाठी नव्हे, तर रेल्वेचे मालडबे सरोवरापलीकडे नेण्यासाठी बांधलेली होती. शिकागोच्या गजबजलेल्या रेल्वे यार्डांमधून डबे फिरवत नेण्यापेक्षा ते जहाजावर चढवून सरळ पलीकडे उतरवणे रेल्वे कंपन्यांना सोयीचे पडत असे. डबे आत घ्यायचे तर जहाजाची एक बाजू पूर्ण उघडी हवी, डेकवर रूळ हवेत आणि ते किनाऱ्यावरील रुळांशी तंतोतंत जुळायला हवेत. पुढची बाजू, म्हणजे नाळ, लाटा आणि हिवाळ्यातील बर्फ फोडण्यासाठी भक्कम व बंद असणे आवश्यक होते. म्हणून उघडी बाजू मागे ठेवली गेली, आणि म्हणूनच ही बोट आजही पाठमोरी धक्क्याला लागते. रेल्वेचे डबे केव्हाच बंद झाले आणि त्यांच्या जागी मोटारी व ट्रक आले, परंतु धक्क्याला लागण्याची पद्धत तीच राहिली.

मागच्या उघड्या बाजूला वर उचलले जाणारे एक जड लोखंडी दार असते. प्रवासात ते खाली असते आणि मागून चढणाऱ्या लाटांना अडवते. त्याचे महत्त्व या सरोवराने फार मोठी किंमत घेऊन शिकवले आहे. २२ ऑक्टोबर १९२९ रोजी ‘मिलवॉकी’ नावाची याच प्रकारची रेल्वे-फेरीबोट वादळात बुडाली आणि तिच्यावरील कोणीही वाचले नाही. पुढे १९७२ मध्ये तिचे अवशेष सापडले, तेव्हा तिचे मागील दार वाकलेले आढळले. बॅजर धक्क्याजवळ येत असताना ते दार वर जाताना दिसेल, तेव्हा या गोष्टीची आठवण ठेवून ते पाहावे.

१९९० च्या नोव्हेंबरमध्ये ही सेवा बंद पडली होती. १९९२ मध्ये ती प्रवासी आणि मोटारींची फेरी म्हणून पुन्हा सुरू झाली. २०१६ मध्ये जहाजाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २०१५ पासून तिचा जलमार्ग हा ‘यू. एस. १०’ या महामार्गाचा भाग मानला जातो, आणि त्याच वर्षीच्या हंगामापासून कोळशाची राख सरोवरात न सोडता जहाजावरच साठवली जाते.

वेळ आणि हंगाम

फेरी साधारणपणे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. सकाळी नऊला लडिंग्टनहून निघून दुपारी बाराला मॅनिटोवॉकला पोहोचणे, आणि दोनला तिथून निघून संध्याकाळी सातला लडिंग्टनला परतणे, असा तिचा नेहमीचा क्रम आहे. चार तासांचा प्रवास नऊ ते बारा कसा, असा प्रश्न पडेल, तर त्याचे कारण दोन्ही किनाऱ्यांच्या प्रमाणवेळांमध्ये एका तासाचा फरक आहे. तरीही त्या वर्षीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. भर उन्हाळ्यात काही दिवशी जादा फेऱ्या असतात, आणि वारा फार असेल तर फेरी रद्दही होऊ शकते.

माझे मत विचाराल तर पहिल्या दिवशी तिकीट काढूच नये. आदल्या संध्याकाळी लडिंग्टनला पोहोचावे, सातच्या सुमारास परतणारे जहाज काठावरून पाहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात चढावे. बाहेरून एकदा पाहिलेले असले की आत उभे राहून जाणवणाऱ्या प्रत्येक थरथरीचा आणि आवाजाचा अर्थ लागतो. उलट क्रमाने केले तर तो तितकासा लागत नाही.

काठावर कुठे उभे राहावे

लडिंग्टनच्या बंदराच्या तोंडाशी दोन लांब बांध पाण्यात शिरलेले आहेत. उत्तरेकडील बांध सुमारे अर्धा मैल लांब आहे आणि त्याच्या टोकावर १९२४ मध्ये उभारलेले ५७ फूट उंचीचे पांढरे दीपगृह आहे. त्याचा पाया जहाजाच्या नाळेसारखा टोकदार आहे, जेणेकरून लाटा त्यावर आपटून दुभंगाव्यात. या बांधावर उभे राहिले तर बॅजर अगदी जवळून, डोक्यावरून इमारत सरकत जावी तशी पुढे जाते. पण तेथून तिचे वळणे आणि मागे शिरणे दिसत नाही, कारण ते आत बंदरात घडते. आणि बांधाच्या टोकाकडून धावत परत येऊनही आपण ते गाठू शकत नाही.

बंदराच्या आतल्या बाजूला असलेल्या वॉटरफ्रंट पार्कमधून मात्र वळण, नांगर आणि धक्का हे सारे पाण्यापलीकडे उलगडत जाते. म्हणून एकच संध्याकाळ हाती असेल तर ही बाग निवडावी, आणि दुसरी मिळाली तर बांधावर जावे. बहुतेक पर्यटक याच्या उलट करतात आणि खरे काम न पाहताच परत जातात.

बांधावर जाणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: लाटा बांधावर चढत असतील, किंवा काँक्रीट ओले दिसत असेल, तर पुढे जाऊ नये. सरोवर आहे म्हणून पाणी शांतच असेल ही समजूत चुकीची आहे. मिशिगन सरोवरातील लाटा एकापाठोपाठ जवळजवळ येतात, आणि बांधावरून पाण्यात ओढल्या गेलेल्या माणसाला वर यायला धरण्यासारखे काही नसते.

प्रकाशाचाही विचार करावा. संध्याकाळी जहाज पश्चिमेकडून येते, त्यामुळे दूर असताना ते उजेडाविरुद्ध काळपट आकृतीसारखे दिसते. परंतु ते बांधांच्या मध्ये आले की उत्तरेच्या काठावर उभे असणाऱ्याच्या समोर त्याची डावी बाजू येते, आणि जून-जुलैमध्ये सूर्य वायव्येकडे झुकलेला असल्याने ती बाजू पूर्ण उजळलेली असते. छायाचित्र काढायचे असल्यास त्या वेळी एक-दोन काढावे आणि नंतर कॅमेरा खाली ठेवावा.

काय पाहायचे, क्रमाने

सर्वप्रथम क्षितिजावर धूर दिसतो. पृथ्वीच्या वक्रतेमुळे जहाजाचा खालचा भाग बराच वेळ झाकलेला असतो. आधी धूर, मग धुराडे, मग वरचे पांढरे मजले आणि सर्वांत शेवटी काळे अंग दिसू लागते. सोबत दुर्बीण असल्यास हा क्रम फार स्पष्ट दिसतो. या वेळात वारा कोणत्या दिशेने आहे, हे एखाद्या ध्वजावरून पाहून ठेवावे, कारण पुढील सर्व हालचालींचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. बॅजरची पाण्यावरची भिंत उंच आहे, आणि वेग कमी झाला की वारा त्या भिंतीला शिडासारखे ढकलतो.

बांधांमधून आत येताना जहाज सरळ तोंडाने येते. वेग कमी केलेला असतो, पण फार कमी नसतो, आणि त्याला कारण आहे. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करते. जहाज अगदी संथ झाले तर ते वाऱ्याच्या स्वाधीन होते, आणि वेगात आले तर थांबवायला जागा उरत नाही. या दोहोंमधला वेग राखणे हे कप्तानाचे पहिले कौशल्य आहे.

आत मोकळ्या पाण्यात आल्यावर नाळेच्या उजव्या बाजूकडे नजर खिळवून ठेवावी. तेथून नांगर सुटतो. साखळीचा एकेक दुवा लोखंडी भोकातून घसरत जातो, गंजाची तांबूस धूळ हवेत उडते, आणि आवाज पाण्यावरून आपल्यापर्यंत येतो तेव्हा नांगर पाण्याखाली गेलेला असतो. नवख्याला वाटते की आता जहाज येथेच थांबणार. तसे नसते. नांगर येथे जहाज थांबवण्यासाठी नसून नाळ धरून ठेवण्यासाठी असतो. पुढचे टोक असे धरले गेले की पिछाडी त्याभोवती फिरू शकते. नव्या जहाजांमध्ये नाळेजवळ आडवा लावलेला वेगळा पंखा हेच काम करतो. बॅजरवर ते नांगर आणि साखळी यांच्याकडून करून घेतले जाते.

आता नजर मागे वळवावी. बॅजरला दोन वेगळी वाफेची इंजिने आणि दोन प्रोपेलर आहेत. एक पुढे आणि दुसरा मागे चालवला की जहाज जवळजवळ जागच्या जागी वळते. पाण्याकडे पाहून हे ओळखता येते. जो प्रोपेलर पुढे ढकलत असतो त्याचे फेसाळ पाणी जहाजाच्या मागे दूर फेकले जाते. जो उलटा फिरत असतो त्याचे पाणी जहाजाच्या अंगालगत पुढच्या दिशेने उकळ्या फुटल्यासारखे वर येते. दोन्ही पिछाडीलगत एकाच वेळी दिसले की जहाज वळवले जात आहे हे समजावे. दोन्हीकडे पाणी पुढे येऊ लागले की ते मागे सरकू लागले आहे. याच सुमारास भोंग्याचे तीन लहान आवाज ऐकू आले तर तेही तेच सांगतात: जलवाहतुकीच्या नियमांत सुमारे एक सेकंदाचे तीन भोंगे म्हणजे ‘इंजिने उलटी चालू आहेत’.

या इंजिनांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हे सारे दृश्य त्यांच्यामुळेच इतके आगळे होते. प्रत्येकी ३,५०० अश्वशक्तीची ही ‘स्किनर युनाफ्लो’ इंजिने आहेत. साध्या वाफेच्या इंजिनात वाफ सिलिंडरच्या ज्या टोकातून आत येते त्याच टोकातून बाहेर पडते आणि त्यामुळे ते टोक वारंवार तापते व थंड होते. युनाफ्लोमध्ये वाफ टोकाकडून आत येते आणि मध्यभागी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते, म्हणजे ती एकाच दिशेने वाहते आणि उष्णता कमी वाया जाते. वाफ चार कोळशावरच्या बॉयलरांतून येते. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेने १९९६ मध्ये या यंत्रणेला ऐतिहासिक अभियांत्रिकी वारशाचा मान दिला. धक्क्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कप्तानाच्या हातात इंजिनाचे थेट नियंत्रण नसते. तो वर एका उभ्या पितळी यंत्राचा दांडा फिरवून ‘थांबा’, ‘अर्धा वेग मागे’ असा हुकूम देतो. खाली इंजिनखोलीत घंटा वाजते, तेथील अभियंता तसाच दांडा फिरवून हुकूम मिळाल्याचे कळवतो आणि मग स्वतःच्या हाताने इंजिन उलटवतो. खाली असलेल्या माणसाला धक्का दिसत नाही, आणि वर असलेल्या माणसाच्या हातात वाफ नसते. धक्क्याला लागण्याच्या काही मिनिटांत हे हुकूम एकामागून एक जात राहतात. चारशे फूट लोखंड दोघांच्या या समजुतीवर हलत असते, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी तितकीच थक्क करते.

शेवटचे काही फूट फार सावकाश सरकतात. मागील दार वर गेलेले असते आणि आतला काळोखा डेक दिसू लागतो. जहाजावरून एक खलाशी हलका दोर फेकतो, ज्याच्या टोकाला वजनासाठी मुठीएवढी गाठ बांधलेली असते. धक्क्यावरचा माणूस तो अंगावर येऊ देत नाही. बाजूला होऊन पडू देतो आणि मग उचलतो. त्या दोराला बांधलेला मनगटाएवढा जाड दोरखंड ओढून घेतला जातो आणि त्याचा फास लोखंडी खुंटावर चढवला जातो. दोरखंड ताणला जाताना त्यातून पाणी पिळून निघते आणि थेंब एका ओळीत गळू लागतात. ते दिसले की जहाज खऱ्या अर्थाने बांधले गेले असे म्हणावे.

त्यानंतर किनाऱ्यावरचा रॅम्प डेकवर टेकतो. मिशिगन सरोवरात भरती-ओहोटी लक्षात येण्याइतकी नसते, परंतु पाण्याची पातळी वर्षानुवर्षे बदलत राहते. १९८६ मधील उच्चांक आणि २०१३ मधील नीचांक यांत सुमारे सहा फुटांचे अंतर आहे. शिवाय गाड्या चढतात-उतरतात तसे जहाजही खाली-वर होते. म्हणून हा रॅम्प स्थिर नसून हलणारा असतो, आणि त्याचे वजन तोलण्यासाठी दुसऱ्या बाजूला जड भार लावलेले असतात. जुलै २०२३ मध्ये लडिंग्टन येथे ही तोलणारी यंत्रणा कोसळली आणि त्या वर्षीचा उरलेला हंगाम रद्द करावा लागला. जहाज पूर्णपणे सुस्थितीत असूनही केवळ रॅम्प नाही म्हणून ते महिनोन्‌महिने जागीच राहिले.

आता जहाजावरून

दुसऱ्या दिवशी सुटण्याच्या किमान तासभर आधी धक्क्यावर हजर व्हावे. मोटार असल्यास ती स्वतः आत न्यायची नसते. किल्ली गाडीतच ठेवून उतरायचे आणि कर्मचारी ती चढवतात. प्रवासात वाहनांच्या डेकवर जाता येत नाही, म्हणून औषधे, गरम कपडे आणि दुर्बीण आधीच हातातील पिशवीत काढून घ्यावीत. स्वेटर उन्हाळ्यातही न्यावाच, कारण सरोवराच्या मध्यावर किनाऱ्यापेक्षा बराच गारवा असतो. मोटारीशिवाय पायी चढणेही चालते. मिशिगन सरोवर संपूर्णपणे अमेरिकेत असल्याने या प्रवासात आंतरराष्ट्रीय सीमा लागत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी नाळेजवळ किंवा वरच्या मजल्यावर न बसता जहाजाच्या मध्यभागी, शक्य तितक्या खाली बसावे आणि क्षितिजाकडे पाहावे.

सुटताना भोंग्याचा एक लांब आवाज होतो, चार ते सहा सेकंदांचा. त्या वेळी धुराड्याजवळ लहान मुले असतील तर आधीच त्यांचे कान झाकावेत.

किनारा दिसू लागला की बहुतेक प्रवासी सामान आवरून जिन्यांजवळ गर्दी करतात. त्यांत सामील होऊ नये. प्रथम पुढच्या डेकवर उजव्या बाजूला जावे आणि बंदराचे तोंड जवळ येताना पाहावे. लडिंग्टनला परतताना नांगर सुटेल तो येथेच, आणि साखळीची थरथर पायांखालच्या पत्र्यातून जाणवेल. ती जाणवली की लगेच, पण धावपळ न करता, मागच्या डेकवर जावे. जहाज वळत असते तेवढ्यात हे अंतर आरामात पार होते. इंजिने उलटी झाली की सारा डेक अंग शहारल्यासारखा हलतो आणि रेलिंगवर ठेवलेल्या हाताला ते स्पष्ट कळते. येथून मागे पाहिले तर धक्का आपल्याकडे सरकत येतो आहे असा भास होतो. या वेळी धक्क्यावरील एखादा खांब आणि त्यामागील एखादी इमारत अशा दोन खुणा एका रेषेत धराव्यात. त्या एकमेकींपासून सरकू लागल्या की पिछाडी कोणत्या बाजूला वाहते आहे हे समजते, आणि थोड्याच वेळात प्रोपेलरचे पाणी त्याच्या उलट जोर लावताना दिसते. रेलिंगवरून वाकू नये, आणि जेथे दोरखंड ताणलेले आहेत त्या भागापासून दूर राहावे. ताणलेला दोर तुटला तर तो कोणत्या दिशेने येईल हे सांगता येत नाही, म्हणून खलाशीही त्याच्या रेषेत उभे राहत नाहीत.

उतरण्याची घोषणा झाली की पायी खाली यावे आणि गाडी ठरलेल्या जागी आणून मिळेपर्यंत थांबावे. पहिल्या गाड्या उतरताना रॅम्पचा पत्रा वाजतो आणि पिछाडी किंचित वर येते, ते तेवढ्या वेळात पाहून घ्यावे. मॅनिटोवॉकला उतरलेल्यांनी घड्याळ एक तास मागे करावे आणि त्याच दिवशी परतायचे असेल तर दोनची फेरी स्थानिक वेळेनुसारच सुटते हे ध्यानात ठेवावे. मध्ये दोन तास मिळतात आणि तेथील सागरी संग्रहालयात ‘कोबिया’ ही दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडी पाहण्यासारखी आहे, परंतु परतीच्या हजेरीची वेळ त्याच दोन तासांतून वजा होते, म्हणून आधी धक्क्यावर त्या वेळेची खात्री करून घ्यावी आणि मगच बंदर सोडावे.